काखेतलं दुखणं: किती दिवस अंगावर काढायचं?

गेल्या दिवाळीच्या साफसफाईनंतर माझी उजवी काख दुखायला लागली. माळ्यावरचे डबे उतरवले, पंखे पुसले, तेच भोवलं असणार असं म्हणून सोडून दिलं. पण लक्ष्मीपूजन झालं, भाऊबीज झाली, चकल्यांचा डबा तळाला लागला, तरी हात वर केला की आतून चमक यायचीच. एका रात्री अकरा वाजता मोबाइलवर शोधलं. तिसऱ्याच ओळीत 'कर्करोग' दिसला. मग रात्रभर काख चाचपत बसले, आणि सकाळी ती दुप्पट दुखायला लागली.

गुडघा, कंबर, दाढ यांच्या दुखण्यावर आपण लग्नाच्या पंगतीतही बोलतो. काखेचं नाव कोणी काढत नाही. त्यामुळे माणसं दोन टोकांना जातात. कोणी दुसऱ्याच दिवशी मृत्युपत्राचा विचार करतं, तर कोणी गाठ लिंबाएवढी होईपर्यंत ब्लाउजच्या बाहीत लपवतं. खरं उत्तर या दोन टोकांच्या मध्ये आहे.

काखेत असतं तरी काय?

वरून बघितलं तर कातडी, केस आणि घाम. आत मात्र एसटी स्टँड, रेल्वे आणि बाजार एकाच चौकात असलेल्या गावासारखी गर्दी. छातीचे स्नायू पुढून येतात, पाठीचे मागून. हाताकडे जाणारी मोठी रोहिणी, हाताकडून येणारी मोठी नीला आणि मानेतून निघालेला नसांचा जुडगा, सगळे इथूनच जातात. स्तनाच्या ऊतींचं एक टोक शेपटीसारखं काखेपर्यंत आलेलं असतं. आणि या सगळ्यांच्या मधल्या चरबीत वीस-तीस छोट्या रसग्रंथी बसलेल्या असतात. गोंगाट चौकात ऐकू येतो, पण ओरडणारा नेमका कोण हे लांबून कळत नाही, तसंच हे.

यातली रसग्रंथी समजली की निम्मा लेख समजला. शरीरात रक्ताखेरीज लसीका नावाचा एक पातळ द्राव फिरत असतो. तो गाळून, त्यातले जंतू अडवायचं काम या ग्रंथी करतात. थोडक्यात, हे जकात नाके. (महाराष्ट्रातली जकात बंद झाली, शरीरातली चालू आहे.) हात, छातीचा वरचा भाग, पाठीचा वरचा भाग आणि स्तन, एवढ्या मुलखातला माल काखेच्या नाक्यावर तपासला जातो. संशयास्पद माल आला की नाक्यावर धावपळ उडते, ग्रंथी सुजते, दुखते.

आपल्या आज्यांना हे माहीत होतं. पायात काटा मोडला की जांघेत 'अवधाण' यायचं, हाताला लागलं की काखेत. म्हणून काखेत दुखरी गाठ लागली तर आधी त्याच बाजूचा हात नीट बघा. नखुरडं झालंय का, मांजरीने ओरबाडलंय का, मासे साफ करताना काटा घुसलाय का. मांजरीच्या ओरखड्यातून शिरणारा एक जंतू तर ओरखडा भरून आल्यावर, एक-दोन आठवड्यांनी काखेतली ग्रंथी सुजवतो. तोपर्यंत मांजरीचा पराक्रम आपण विसरलेलो असतो.

नेहमीचे संशयित

काख दुखण्याची बहुतेक कारणं साधी असतात. रेझर फिरवल्यावर केसाच्या मुळाशी जंतू शिरून होणारं केसतूड. ते वाढून झालेलं गळू, म्हणजे आपली काखमांजरी. नव्या डिओने उठलेलं पुरळ. व्यायामशाळेतला पहिला आठवडा, पाण्याच्या कळशा, किंवा गोलंदाजी करताना ताणलेला स्नायू. स्नायूचं दुखणं ओळखायची एक खूण आहे: हाताच्या ठरावीक हालचालीलाच ते उठतं आणि हात स्वस्थ ठेवला की निवतं. पाळीच्या आधी स्तन भरून येतात तेव्हा ठणका काखेपर्यंत जातो आणि पाळी आली की ओसरतो. बाळंतपणानंतर दुसऱ्या ते पाचव्या दिवशी दूध भरून येतं, त्या वेळी काही बायकांच्या काखेत चक्क गोळा येतो. तिथे स्तनाच्या जास्तीच्या ऊती असतात, त्याही बिचाऱ्या कामाला लागतात.

गळवाला कोमट पाण्याच्या फडक्याने दिवसातून तीन-चार वेळा शेक द्यावा, सैल सुती कपडा घालावा, आणि रेझर आणि डिओ काही दिवस बाजूला ठेवावेत. एवढं पुरेसं असतं. पिळू मात्र नये. आणि बिब्बा तर अजिबात लावू नये. बिब्ब्याने भाजलेली काख घेऊन आलेला माणूस डॉक्टरला आधी भाजल्याचे उपचार करायला लावतो, मूळ दुखणं राहतं बाजूलाच. ताप आला, लाली पसरायला लागली, हात वर उचलवेना, किंवा तीन-चार दिवसांत उतार पडला नाही, तर दाखवावं. मधुमेह असेल तर एवढेही दिवस थांबू नये, कारण साखर वाढलेली असताना छोटं गळू फार झपाट्याने मोठं होतं.

नागिणीचाही उल्लेख करायला हवा, कारण ती आधी फसवते. काखेपासून छातीच्या किंवा पाठीच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होते, कापडही सहन होत नाही, आणि कातडीवर काहीच दिसत नाही. दोन-चार दिवसांनी पाण्याचे फोड उठतात. हा लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचाच विषाणू, नसेत दबा धरून बसलेला. औषध आहे, पण फोड उठल्यापासून बहात्तर तासांच्या आत सुरू केलं तर त्याचा उपयोग जास्त. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, असं म्हणत मंत्रवाल्याकडे नेमके हेच तीन दिवस घालवले जातात.

तेच गळू पुन्हा पुन्हा येतं

या दुखण्यावर जरा जास्त बोलते, कारण ते सगळ्यात जास्त वर्षं अंगावर काढलं जातं. काखेत गळू येतं, फुटतं, महिनाभराने शेजारी दुसरं येतं. मग जांघेत किंवा स्तनाखाली. काही वर्षांनी कातडीखाली बोगदे तयार होतात, व्रण राहतात, कपड्याला डाग पडतात, वास येतो. प्रत्येक वेळी कोणीतरी चिरा देऊन पू काढतं, अँटिबायोटिक देतं, आणि प्रत्येक वेळी 'स्वच्छता ठेवत जा' असं सांगतं.

याला हायड्राडेनायटिस सुपुरेटिव्हा म्हणतात. नाव एकदाच वाचा आणि विसरा, पण आजार लक्षात ठेवा. केसांच्या मुळांची तोंडं बंद होतात आणि शरीराची प्रतिकारशक्ती तिथे वाजवीपेक्षा जास्त आग ओकते. हा अस्वच्छतेचा आजार नाही आणि एकापासून दुसऱ्याला होतही नाही. बहुतेकदा वयात आल्यानंतर सुरू होतो. धूम्रपान आणि जादा वजनाशी त्याचा संबंध आढळतो. अनेक देशांतल्या रुग्णांच्या एका अभ्यासात निदान व्हायला सरासरी सात वर्षांहून जास्त काळ गेल्याचं दिसलं. सात वर्षं 'आंघोळ नीट करत नाहीस का' हे ऐकायचं!

म्हणून साधा हिशोब असा: सहा महिन्यांत दोन किंवा जास्त वेळा त्याच भागात गळू आलं तर पुढचं फुटायची वाट न बघता त्वचारोगतज्ज्ञांकडे जायचं. लवकर पकडलं तर औषधांनी आटोक्यात राहतं. बोगदे झाल्यावर शस्त्रक्रियेपर्यंत जावं लागतं.

दुखतंय, म्हणजे कॅन्सर नाही ना?

सगळ्यांच्या मनातला प्रश्न हाच. उत्तर थोडं उलटं आहे. स्तनाचा कर्करोग काखेतल्या ग्रंथीत पोचतो तेव्हा ती गाठ बहुधा दुखत नाही. कडक असते, खडबडीत असते, हलवली तरी जागची हलत नाही आणि हळूहळू वाढते. अचानक आलेली, लाल, गरम, हात लावू न देणारी गाठ बहुतेक वेळा जंतुसंसर्गाची निघते. म्हणजे ज्या गाठीमुळे झोप उडते ती सहसा निरुपद्रवी आणि जिच्यामुळे कसलाच त्रास नाही ती तपासण्यासारखी. बायका नेमकं याच्या उलट वागतात: 'दुखत तर नाही, मग कशाला दाखवायचं?'

पण 'दुखतंय, म्हणजे नक्कीच कॅन्सर नाही' असा ताम्रपटही कोणी देऊ शकत नाही. म्हणून दुखण्याबरोबर आणखी काय आहे ते बघायचं. त्याच बाजूच्या स्तनात गाठ, कातडीला खळगा, संत्र्याच्या सालीसारखी जाड झालेली कातडी, नव्याने आत ओढलं गेलेलं बोंड, बोंडातून रक्तासारखा स्राव. यातलं एकही असेल तर त्याच आठवड्यात दाखवायचं, पाहुणे गेल्यावर किंवा परीक्षा संपल्यावर नाही.

भारतातल्या बायकांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचाच. २०२२ मध्ये देशात सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांची नोंद झाल्याचा जागतिक अंदाज आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये सुरू केलेला एक प्रयोग या संदर्भात सांगण्यासारखा आहे. मुंबईतल्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया त्यात होत्या. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासणी करत होत्या, ना यंत्र ना फिल्म. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले. तपासणी झालेल्या गटात आजार कमी पुढे गेलेल्या टप्प्यावर सापडत होता, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. तरी जाणत्या हाताला काय किंमत आहे ते यातून कळतं.

पुरुषांनी हा भाग वाचून पुढे सरकू नये. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभरातला साधारण एक रुग्ण पुरुष असतो. तो उशिरा येतो, कारण असं काही आपल्याला होऊ शकतं हेच त्याला ठाऊक नसतं. शिवाय रसग्रंथींचा स्वतःचा कर्करोग, म्हणजे लिम्फोमा, स्त्री-पुरुष दोघांनाही होतो. रात्री अंथरूण भिजेल इतका घाम, कारण नसताना उतरलेलं वजन, येत-जात राहणारा ताप ही त्याची लक्षणं. विचित्र गोष्ट अशी की त्यातल्या एका प्रकारात, क्वचित का होईना, दारूचे घोट पोटात गेले की गाठ दुखायला लागते.

संध्याकाळचा ताप

घामाचा आणि वजनाचा विषय निघाला की आपल्या देशात आधी क्षयरोग आठवायला हवा. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे, आणि क्षय फक्त छातीचा नसतो. मानेतल्या ग्रंथींना झाला की त्याला जुनी माणसं गंडमाळ म्हणायची. तोच काखेतही येतो. दोन-तीन ग्रंथी एकमेकींना चिकटून गठ्ठा होतो, दुखणं मंद, संध्याकाळी कणकण, भूक गेलेली. खोकला नसतो, म्हणून कोणाच्या डोक्यात येत नाही.

इथे दुकानातून आणलेल्या अँटिबायोटिकचा अर्धवट कोर्स घात करतो. चार दिवस बरं वाटतं, गाठ राहते, निदान लांबतं. क्षयावरचे उपचार किमान सहा महिने चालतात. सरकारी केंद्रात ते मोफत आहेत, आणि पोषणासाठी महिन्याला हजार रुपये खात्यात जमा होतात (२०२४ च्या नोव्हेंबरआधी पाचशे होते).

तान्ह्या बाळाच्या डाव्या काखेत गाठ दिसली तर आई-बाप हादरतात. आपल्याकडे बाळाला क्षयाविरुद्धची बीसीजी लस डाव्या दंडावर देतात, आणि काही बाळांच्या त्याच बाजूच्या काखेतली ग्रंथी त्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी फुगते. बाळ हसतंखेळतं असेल, ताप नसेल, तर ती बहुधा आपोआप बसते. बालरोगतज्ज्ञांना दाखवावं, पण शेकू नये, लेप लावू नये. आणि कोणी घाईने चिरा द्यायला निघालं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं, कारण तशी जखम भरायला फार दिवस घेते.

मग थांबायचं किती?

मी स्वतः आता कॅलेंडर मानते. गळवाचा हिशोब वर सांगितला तोच. बाकी दुखण्याला काही सरळ कारण दिसत असेल आणि एरवी तब्येत ठणठणीत असेल तर दोन आठवडे. तोपर्यंत उतार नाही, किंवा गाठ तशीच आहे, तर डॉक्टर. गाठ वाढत असेल, कडक असेल, हरभऱ्याच्या दाण्याहून मोठी असेल, मान किंवा जांघेतही दुसरी लागत असेल, तर दोन आठवडेही नाहीत. पूर्वी कर्करोग झालेल्या किंवा आई-बहिणीला झालेल्या व्यक्तीनेही वाट बघू नये. गळ्याच्या हाडाच्या वरच्या खळग्यात गाठ लागली तर ती केवढीही असो, दाखवायचीच.

तपासायचीही एक रीत आहे. हात डोक्यावर नेला की काख ताणली जाते आणि गाठ लपते. हात सैल खाली सोडा, दुसऱ्या हाताची बोटं चपटी करून काखेत वर सरकवा आणि बरगड्यांवरून हळूच खाली आणा. सडपातळ माणसाला मसुरीएवढ्या मऊ, हलणाऱ्या ग्रंथी लागू शकतात. त्या सगळ्यांनाच असतात. आठवड्यातून एकदा बघितलं तरी खूप झालं. रोज रात्री दाबत बसलं तर धडधाकट काखही दुखेल, हा स्वानुभव.

दोन प्रसंगी मात्र कॅलेंडर बघायचं नाही, घड्याळ बघायचं. पहिला, डाव्या (क्वचित उजव्याही) काखेतलं दुखणं छातीवरच्या दडपणासोबत आलं, दरदरून घाम फुटला, धाप लागली, जिना चढताना वाढलं आणि थांबल्यावर कमी झालं. हे हृदय असू शकतं. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत कळ न येताही झटका येतो. १०८ ला फोन करायचा, ॲसिडिटीची गोळी शोधायची नाही. दुसरा, अख्खा हात अचानक सुजला, जड झाला, निळसर पडला. काखेतल्या नीलेत रक्ताची गुठळी झाली की असं होतं, आणि ते थेट रुग्णालयाचं काम.

डिओने कॅन्सर होतो म्हणे?

दर काही महिन्यांनी हा निरोप फिरत येतो: घाम अडवला की विष आत साचतं आणि कर्करोग होतो. शरीरातली घाण बाहेर टाकायचं काम मुख्यतः यकृत आणि मूत्रपिंडं करतात, घाम अंग थंड ठेवायला असतो. रसग्रंथींचा आणि घामाच्या छिद्रांचा तर एकमेकींशी रस्ताच नाही. अमेरिकेत २००२ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात स्तनाचा कर्करोग झालेल्या ८१३ आणि न झालेल्या ७९३ स्त्रियांची तुलना केली, तेव्हा डिओ वापरण्याचा काही संबंध सापडला नाही. पुरळ मात्र डिओने खरोखर येतं. आणि मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेच्या, दिवशी तो लावू नका म्हणतात, ते त्यातल्या ॲल्युमिनियमचे कण फिल्मवर ठिपक्यांसारखे दिसतात म्हणून.

सुई टोचली की कॅन्सर पसरतो ना?

ही भीती डिओपेक्षा महाग पडते. गाठीचं निदान करायला डॉक्टर आधी सोनोग्राफी सांगतात, चाळिशीपुढच्या बाईला सोबत मॅमोग्राफी, आणि गरज वाटली तर सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासतात. इथे घरातलं कोणीतरी वडीलधारं म्हणतं, 'सुई लावू देऊ नका, आमच्या गावात एकीची लावली आणि दोन महिन्यांत गेली.' ती गेली, कारण सुई लागली तेव्हाच आजार पुढे गेला होता. स्तनाच्या आणि काखेच्या गाठींवर ही तपासणी जगभर रोज होते. आजार पसरतो तो सुई टाळण्यात गेलेल्या महिन्यांत.

काख दाखवायची?

संकोच आहे, आणि आपल्याकडे त्याला इतिहासही आहे. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईतल्या मांडवीत मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. प्लेगमध्ये गाठ येते ती जांघेत, काखेत नाहीतर मानेत, म्हणून मराठीत त्याला गाठीचा ताप म्हणत. पुढच्या वर्षी पुण्यात गोरे सोजीर घरात घुसून बायकापुरुषांच्या काखा-जांघा तपासू लागले, आणि त्या अपमानाचा संताप कुठवर गेला ते रँडच्या खुनाने दाखवून दिलं. त्याच साली, १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या.

आज तपासणी आपल्या मर्जीची असते. स्त्री डॉक्टर मागता येते. पुरुष डॉक्टर असतील तर नर्सला किंवा घरच्या बाईला आत बोलवा म्हणता येतं, कोणी वावगं समजत नाही. सुरुवात नेहमीच्या फॅमिली डॉक्टरपासूनच करावी. जाताना केस काढायची, पावडर लावायची गरज नाही. दुखणं कधी सुरू झालं, पाळीशी ते जुळतं का, हाताला कुठे लागलं होतं का, कुठली लस घेतली, घरी काय काय लावलं, एवढं आठवून जावं. बिब्बा लावला असेल तर तेही सांगावं.

मी गेले ती विसाव्या दिवशी, म्हणजे सहा दिवस उशिरा. डॉक्टरबाईंनी आधी माझी बोटं पाहिली, मग हात सैल सोडायला लावून दोन्ही काखा आणि दोन्ही स्तन तपासले. काही लागलं नाही. मग तळहात भिंतीला टेकवून जोर लावायला सांगितला, आणि ती चमक नेमकी तिथे आली. छातीचा स्नायू.

"पंखे किती पुसलेत?"

"सात."

"एका दिवसात?"

आमच्याकडे तीनच खोल्या आहेत. सासूबाईंचे आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंचेही पुसले होते, हे मी त्यांना सांगितलं नाही.